बाळ घरी आले. थोरल्याकडे कोण पाहणार?



मागच्या महिन्यात शब्बाथच्या प्रार्थनेनंतर एका ओळखीच्या बाईंनी मला बाजूला घेतले. चेहरा उतरलेला. म्हणाल्या, "सिस्टर, सुनेला दुसरा मुलगा झाला. बाळ छान आहे, दूध पितं, वजन वाढतंय. पण थोरला तीन वर्षांचा आहे. गेले पंधरा दिवस चड्डीत शी करतो, बाटलीतून दूध मागतो आणि काल तर आईच्या दंडाला चावला. त्याला काही आजार तर नसेल ना?"

मी म्हटले, "आजार नाही. घरी आलेला पाहुणा परत जाणार नाही, हे त्याला आता कळलं आहे."

बाई हसल्या, पण पूर्ण समाधान झाले नाही. तेव्हाच ठरवले की पुढच्या लेखाचा विषय हाच. या सदरात आपण नेहमी गुडघे, साखर, रक्तदाब, मोतीबिंदू यांविषयी बोलतो. आजचा आजार आपला नाही, आणि खरे तर तो आजारही नाही. पण त्यावर जे औषध लागते ते आपणा आजी-आजोबांकडेच जास्त असते. ते औषध म्हणजे वेळ.

माझी स्वतःची चूक

दुसऱ्याला शिकवण्याआधी आपले सांगावे, म्हणून सांगते.

1978 साली मला दुसरे मूल झाले. तेव्हा आम्ही बेर शेव्हाला राहत होतो. थोरली मुलगी अडीच वर्षांची होती. माझी आई भारतात, सासूबाईही तिकडेच. घरात फोन नव्हता. त्या काळी बऱ्याच जणांकडे नसे. मला बाळंतपणाला मदत हवी, म्हणून आम्ही थोरलीला लोदला नणंदेकडे पाठवले. रात्री ती झोपलेली असताना तिची कपड्यांची पिशवी भरली आणि सकाळी "आत्याकडे खेळायला जायचं" एवढेच सांगितले. आई इस्पितळात जाणार आहे, बाळ येणार आहे, किती दिवसांनी परत यायचे आहे, यातले काहीही सांगितले नाही. "तिला काय कळतं एवढ्यात?" असे मीच म्हणाले होते. आणि मी कोण? मुंबईत शिकलेली नर्स.

एकवीस दिवसांनी ती परत आली. मी दार उघडले आणि हात पुढे केले. ती आत्याच्या पाठीमागे गेली आणि तिचा पदर धरून उभी राहिली. माझ्याकडे पाहून तोंड फिरवले. बाळाकडे तर पाहिलेही नाही. नंतर दोन महिने ती घरात अगदी शांत होती. रडली नाही, हट्ट केला नाही, बाळाला कधी हातही लावला नाही. शेजारच्या बायका म्हणायच्या, "किती शहाणी पोर! काही त्रास नाही हो हिचा." मलाही अभिमान वाटायचा. कामाच्या धबडग्यात शांत मूल म्हणजे सुखच.

पुढे काही वर्षांनी नोकरीत असताना आम्हा नर्सेसना एका प्रशिक्षणात एक जुना चित्रपट दाखवला. त्याविषयी खाली लिहिते. तो अर्धा झाला आणि मी पाणी प्यायच्या निमित्ताने खोलीबाहेर गेले. पडद्यावरचे मूल अनोळखी होते, पण त्याचे ते तोंड फिरवणे मी माझ्या दारात पाहिले होते.

थोडे शास्त्र

लंडनमध्ये जेम्स रॉबर्टसन आणि त्यांची पत्नी जॉइस यांनी लहान मुले आईपासून थोडे दिवस दूर राहिली तर काय होते, याचा अभ्यास केला आणि तो कॅमेऱ्यात टिपला. त्यांच्या एका चित्रपटात जॉन नावाचा सतरा महिन्यांचा मुलगा आहे. आई दुसऱ्या बाळंतपणासाठी गेली म्हणून त्याला नऊ दिवस मुलांच्या निवासी संस्थेत ठेवले होते. तिथे कोणी त्याला मारले नाही, उपाशी ठेवले नाही. पण सांभाळणाऱ्या मुली पाळीप्रमाणे बदलत राहत आणि त्याचे असे कोणीच नव्हते. पहिले दिवस तो प्रत्येकीकडे जायचा प्रयत्न करतो. मग खूप रडतो. मग खाणे सोडून जमिनीवर पडून राहतो. शेवटी आई येते, तेव्हा तो तिच्या हातातून सुटायला धडपडतो.

त्याच मालिकेत जेन नावाची मुलगी आहे. तीही सतरा महिन्यांचीच, तिचीही आई बाळंतपणाला गेलेली. पण तिला रॉबर्टसन दांपत्याने स्वतःच्या घरी ठेवले. सांभाळणारी बाई एकच. जेवणखाण, झोप यांच्या वेळा तिच्या घरच्यासारख्या, आणि आईची आठवण जागी ठेवलेली. जेनलाही त्रास झाला, पण ती जॉनसारखी कोसळली नाही.

यातून आपण काय घ्यायचे? आई काही दिवस दूर जाणे टळत नाही. पण त्या दिवसांत मुलाजवळ एकच, ओळखीचे, मायेचे माणूस असेल, त्याच्या सवयी सांभाळल्या जातील आणि "आई परत येणार आहे" हे त्याला सांगितले जाईल, तर ते दिवस निभावून जातात. आणि दुसरे असे की रडणारे मूल ठीक असू शकते, तर न रडणारे मूल आतून खचलेले असू शकते.

दुसरा अभ्यास केंब्रिजचा. जुडी डन आणि कॅरोल केंड्रिक या दोघींनी 40 कुटुंबांत दुसरे मूल जन्मण्याआधीपासून जाणे-येणे ठेवले. 1982 साली त्यांचे पुस्तक निघाले. त्यांना दिसले की बाळ आल्यावर आईचे थोरल्याशी खेळणे कमी होते आणि रागावणे वाढते. बहुतेक थोरल्या मुलांच्या वागण्यात काही ना काही बिघडते. पण त्याच मुलांना बाळाविषयी कुतूहल आणि प्रेमही वाटत असते. ज्या घरांत आई थोरल्याशी बाळाविषयी एक माणूस म्हणून बोलायची, म्हणजे "बघ, त्याला भूक लागली असेल का? त्याला तुझा आवाज आवडतो वाटतं," त्या घरांतली भावंडे पुढे एकमेकांशी अधिक प्रेमाने वागली. त्याला पैसा लागत नाही, फक्त बोलावे लागते. आणि बोलणे तर आपल्याला येतेच!

बाळ येण्यापूर्वी

पोट दिसू लागले, घरात बोलणी सुरू झाली, की थोरल्याला सांगावे. दोन-तीन वर्षांच्या मुलाला "जूनमध्ये" किंवा "चार महिन्यांनी" हे समजत नाही. "पेसाह झाल्यावर, उन्हाळा लागला की" असे त्याला माहीत असलेल्या गोष्टीशी जोडून सांगावे.

"तुला खेळायला भाऊ येणार" असे सांगू नये. त्याला वाटते चेंडू खेळणारा मुलगा येईल. येते ते रडणारे गाठोडे. त्याऐवजी खरे सांगावे: "बाळ खूप लहान असेल. झोपेल, रडेल, दूध पिईल. खेळायला त्याला अजून येणार नाही."

पलंग बदलणे, खोली बदलणे, डायपर सोडवणे, बाटली सोडवणे, नव्या गानमध्ये घालणे, या गोष्टी बाळ येण्याच्या तोंडावर करू नयेत. दोन-तीन महिने आधी उरकाव्यात, नाहीतर बाळ आल्यावर घर स्थिरावेपर्यंत थांबावे. पाळण्यासाठी कालच थोरल्याचा पलंग काढला आणि आज बाळ त्यात झोपले, तर त्याच्या दृष्टीने ती सरळ चोरी असते.

आणि सर्वांत महत्त्वाचे: आईला रात्री-बेरात्री इस्पितळात जावे लागले तर थोरल्याजवळ कोण असणार, हे आधी ठरवा. शक्य असेल तर मुलाला आपल्या घरी नेण्याऐवजी आपणच त्याच्या घरी जाऊन राहावे. त्याचा पलंग, त्याची उशी, त्याचे गान, त्याची गनेनेत सगळे तेच राहते. बदलते फक्त एक. बाळंतपणाआधी एक-दोन रात्री तिथे झोपून पाहा. सकाळी उठल्यावर आजी दिसली तर त्याला धक्का बसणार नाही. निघताना आईने झोपलेल्या मुलाला उठवायचे की नाही हे आई-वडिलांनी ठरवावे, पण सकाळी त्याला खरे सांगावे: "आई बाळाला आणायला इस्पितळात गेली. दोन-तीन रात्री झोपून उठलास की येईल."

पहिली भेट आणि पहिले दिवस

आता बऱ्याच ठिकाणी थोरल्या भावंडांना इस्पितळात भेटायला येऊ देतात. जाण्याआधी त्या वॉर्डात विचारून घ्यावे. भेटीच्या वेळी आईचे हात मोकळे असावेत. बाळ पाळण्यात असू द्या. थोरला आधी आईच्या कुशीत जाऊ दे, मग हवे तर तो स्वतःहून बाळाकडे पाहील. नाही पाहिले तरी चालेल. "पापी घे, पापी घे" म्हणून ढकलू नये.

घरी येताना बाळ वडिलांच्या किंवा आजोबांच्या हातात असावे आणि आई रिकाम्या हातांनी आत यावी. साधी गोष्ट आहे, पण तिचा उपयोग मी अनेक घरांत पाहिला आहे.

पहिल्या आठवड्यांत आजीची स्वाभाविक ओढ बाळाकडे असते. अंघोळ मी घालीन, तेल मी लावीन, पाळणा मी हलवीन. माझे म्हणणे ऐका: बाळाला या वेळी हवी आहे आई आणि दूध. आजीची खरी गरज थोरल्याला आहे. किंवा असे करा, आजीने बाळ अर्धा तास घ्यावे आणि आईला थोरल्याजवळ पाठवावे. दिवसातून पंधरा-वीस मिनिटे आई फक्त त्याची असावी. फोन बाजूला, बाळ दुसऱ्या खोलीत. तेवढी वेळ रोज ठरलेली असेल तर मूल तिची वाट पाहायला शिकते.

वयाप्रमाणे काय दिसते

दोन वर्षांच्या आतले मूल: त्याला समजावून काही कळत नाही. ते आईला चिकटते, झोपेतून उठते, रडते. त्याला शब्दांपेक्षा मांडी हवी. वेळापत्रक बदलू नये.

दोन ते चार वर्षे: हे वय सर्वांत कठीण. आई माझी आहे हे पक्के कळलेले असते, पण ती दोघांची असू शकते हे अजून कळलेले नसते. मोठ्यांच्या सवतीमत्सरावर आपल्याकडे किती गोष्टी आहेत! त्यातला जीव जाळणारा भाग या चिमुकल्याच्या वाट्याला येतो आणि बोलायला शब्द मात्र नसतात. मग तो बोबडे बोलतो, अंगठा चोखतो, अंथरूण ओले करतो, भरवून घेतो, बाटली मागतो. यात लबाडी नसते. बाळाला हे सगळे करून आई मिळते, तर मलाही मिळेल का, हे तो पाहत असतो. बाटली मागितली तर द्यावी, दोन घोट पिऊन तो स्वतःच ठेवून देतो. अंथरूण ओले झाले तर न बोलता बदलावे. लाज आणली तर सवय लांबते, दुर्लक्ष केले तर बहुधा काही आठवड्यांत सुटते.

पाच वर्षांपुढचे मूल: हे मदत करते, शहाण्यासारखे वागते, आणि म्हणूनच त्याच्याकडे दुर्लक्ष होते. त्याचा राग गानमध्ये किंवा शाळेत निघतो, नाहीतर "पोट दुखतं" म्हणून निघतो. त्याला छोट्या नोकरासारखे राबवू नये. मोशेची पेटी नदीत सोडली तेव्हा त्याची थोरली बहीण लांब उभी राहून पाहत होती, हे आपण सर्वांनी लहानपणी ऐकले आहे. तिचे काम लक्ष ठेवण्याचे होते, पेटी वाहून न्यायचे नव्हते. थोरल्याला काम द्यावे ते असे: डायपर आणून देणे, बाळाला गाणे म्हणून दाखवणे, आज कोणते कपडे घालायचे ते निवडणे. आणि "नको" म्हणाला तर तेही चालावे.

जिभेला लगाम

आपल्या पिढीला मुलांची थट्टा करायची सवय आहे. त्यात प्रेमच असते, पण मुलाला थट्टा कळत नाही. पुढील वाक्ये आपण सर्वांनी कधी ना कधी म्हटली आहेत. आता म्हणू नयेत:

"आता तुझे लाड संपले." तो हे खरे मानतो.

"बाळाला मी माझ्या घरी घेऊन जाऊ?" एक तर तो घाबरतो, नाहीतर "घेऊन जा" म्हणतो. मग सगळे हसतात आणि त्याला कळत नाही की आपले काय चुकले.

"एवढा घोडा झालास आणि रडतोस?" काल रात्रीपर्यंत तोच घरातला सर्वांत लहान होता.

"बघ, बाळ किती गुणाचं आहे, तुझ्यासारखं त्रास देत नाही." याकोबाने एकाच मुलाला रंगीत झगा दिला, त्याचे पुढे काय झाले हे आपल्याला ठाऊक आहे.

याऐवजी काय म्हणावे? "बाळ रडलं की तुला कंटाळा येतो ना? मलाही येतो." "तू एवढा होतास तेव्हा तूही असाच रडायचास, आणि मी तुला घेऊन खिडकीत उभी राहायचे." त्याचे बाळपणाचे फोटो काढून दाखवा. आपल्या घरात ते फोटो आणि त्या गोष्टी आजीजवळच असतात. ज्या दिवशी त्याला कळते की माझ्यासाठीही असेच जागले होते, त्या दिवशी बाळावरचा अर्धा राग उतरतो.

एक अडचण आपल्या घरांत आणखी असते. नातवंडे हिब्रू बोलतात आणि आपले मराठी त्यांना अर्धेच कळते. हरकत नाही. मांडीवर घेऊन म्हटलेले मराठी बडबडगीत कळायला शब्दकोश लागत नाही.

ब्रीत, बारसे आणि पाहुणे

आठव्या दिवशी ब्रीत मिला असते. घर किंवा हॉल माणसांनी भरलेला, सर्वांच्या तोंडी बाळाचे नाव, आई थकलेली आणि हळवी झालेली. त्या गर्दीत तीन वर्षांचा थोरला कोणाच्या तरी पायांत अडखळत फिरतो. म्हणून त्या दिवसापुरता एक आजोबा, काका किंवा मावशी फक्त त्याच्यासाठी नेमा. प्रत्यक्ष विधी त्याने जवळून पाहावा असा आग्रह नको. बाळाला दुखवत आहेत असे त्याला वाटू शकते. त्या वेळी त्याला बाहेर घेऊन जावे. नंतर मलिद्याच्या वेळी त्याच्या हाती खजुराची ताटली द्यावी आणि सर्वांना वाटायला लावावे. मुलगी झाली असेल आणि बारसे करणार असाल, तर पाळण्याची दोरी एकदा त्याच्याही हाती द्या.

पाहुण्यांनो, बाळासाठी भेट नेताना थोरल्यासाठी एक लहानसा पुडा न्या. आणि दार उघडल्यावर आधी त्याला विचारा, "काय रे, कसा आहेस?" मग बाळ बघा.

सुरक्षितता: येथे सूट नाही

प्रेमाची गोष्ट झाली. आता नर्सची शिस्त.

1. पाच वर्षांखालच्या मुलाला आणि तान्ह्या बाळाला एका खोलीत एकटे सोडू नये. एक मिनिटही नाही. थोरला वाईट असतो म्हणून नव्हे, तर मिठी किती घट्ट मारायची हे त्याला कळत नाही म्हणून.

2. बाळ मांडीवर हवे असेल तर थोरल्याला सोफ्यावर मागे टेकून बसवा, कोपराखाली उशी द्या आणि तुम्ही शेजारी बसा. बाळाच्या मानेखाली तुमचा हात असू द्या.

3. पापा पायाचा घ्यावा. तोंडाचा, हाताचा नको. हा नियम आपल्यालाही लागू. ओठावर ताप उठला असेल तर बाळाजवळ जाऊ नये. तो विषाणू तान्ह्या बाळाला घातक ठरू शकतो. गानमधून आल्यावर आधी साबणाने हात धुवायचे, मग बाळ बघायचे.

4. डांग्या खोकला तान्ह्या बाळाला फार धोकादायक असतो आणि तो बहुधा घरातल्या मोठ्यांकडूनच जातो. आपली लस केव्हा झाली, पुन्हा घ्यावी का, हे कुपत होलिमच्या नर्सला विचारा. थोरल्याच्या सगळ्या लसी वेळेवर झाल्या आहेत का हे टिपत हलावमध्ये तपासून घ्या.

5. बाळाला पाठीवर झोपवावे, पाळणा रिकामा असावा. थोरला प्रेमाने आपला अस्वलबाळ्या, उशी किंवा पांघरूण पाळण्यात ठेवतो. त्याला रागावू नका, "किती छान" म्हणा आणि वस्तू बाहेर काढा.

6. थोरला बाळाला आपला खाऊ भरवू पाहतो. बांबा, शेंगदाणा, द्राक्ष, काहीही. वरच्या आवाजात नव्हे, पण रोज सांगा: बाळाला फक्त आई-बाबा भरवतात. आणि एक वर्षाखालच्या बाळाला मध चाटवू नये. आपल्याकडे चाटवत असत हे मला ठाऊक आहे. पण मधातील जंतूंमुळे तान्ह्या बाळाला बोट्युलिझम हा गंभीर आजार होऊ शकतो.

7. आपली औषधे! सगळ्यांचे डोळे बाळावर असतात आणि थोरला आजीची पर्स उघडतो. रक्तदाबाची किंवा साखरेची एखादी गोळीसुद्धा लहान मुलाच्या जिवावर बेतू शकते. पर्स उंच जागी, गोळ्यांचा डबा कुलपात. गोळी गिळल्याची शंका आली तर वाट पाहू नका: 101 वर मागेन दाविद अदोमला फोन करा. हैफाच्या रामबाम रुग्णालयातील विषबाधा माहिती केंद्रही चोवीस तास सल्ला देते.

8. सायरन वाजला तर बाळ कोणी घ्यायचे आणि थोरल्याचा हात कोणी धरायचा, हे आधीच ठरवून ठेवा. ममादमध्ये त्याचेही एक खेळणे ठेवलेले असू द्या.

9. तीन महिन्यांखालच्या बाळाला 38 अंश किंवा जास्त ताप आला, तर घरगुती उपाय नकोत. लगेच डॉक्टर. थोरल्याला साधी सर्दी झाली तरी बाळावर जास्त लक्ष ठेवावे.

आणि आपली कंबर सांभाळा. तीन वर्षांचा मुलगा चौदा-पंधरा किलोचा असतो. त्याला उचलून कडेवर घेणे सत्तरीत शहाणपणाचे नाही. आपण खाली बसावे आणि त्याला मांडीवर चढू द्यावे.

कधी मदत घ्यावी

चिडचिड, हट्ट, मागे गेलेल्या सवयी दोन-तीन महिन्यांत हळूहळू निवळतात. पण पुढील गोष्टी दिसल्या तर मुलाच्या डॉक्टरांना किंवा टिपत हलावच्या नर्सला सांगावे: मूल नीट जेवत नाही आणि वजन घटते आहे, शी रोखून धरते, चार-चार दिवस होत नाही, येत असलेले बोलणे थांबले आहे, बाळाला पुन्हा पुन्हा इजा करू पाहते, रात्रीची झोप अनेक आठवडे बिघडलेली आहे, किंवा माझ्या मुलीसारखे मूल एकदम गप्प, "शहाणे" झाले आहे आणि आईपासून दूर राहते.

त्याबरोबर आईकडेही पाहा. ती सारखी रडते, कशातच मन नाही, बाळ झोपले तरी तिला झोप येत नाही, असे दोन आठवड्यांहून जास्त चालले तर ते "बाळंतिणीचं असंच असतं" म्हणून सोडू नये. त्यावर उपचार आहेत. टिपत हलावमध्ये आईला याविषयी प्रश्नावली देतात, ती खरी भरावी असे तिला सांगा. आई बरी असेल तर दोन्ही मुले बरी राहतात.

पुढची दोन वळणे

सारे स्थिरावले असे वाटते, आणि मग दोन वेळा गाडी पुन्हा अडखळते. पहिले वळण आईची रजा संपते तेव्हा. पगारी रजा 15 आठवड्यांची. त्यानंतर बऱ्याच आया कामावर जातात. संध्याकाळी घरी आलेली आई आधी कोणाला घेणार, याची थोरला दारात वाट पाहत असतो. दुसरे वळण बाळ आठ-नऊ महिन्यांचे होते तेव्हा. ते रांगते, थोरल्याचे मनोरे पाडते, चित्र फाडते. आतापर्यंत बाळाने आई घेतली होती, आता खेळणीही घेतली! त्या वेळी थोरल्याला एक उंच टेबल किंवा कप्पा द्यावा, जिथे बाळाचा हात पोहोचत नाही. सगळेच वाटून घेण्याची सक्ती करू नये.

शेवटी

गेल्या हिवाळ्यात माझ्या थोरल्या मुलीच्या मुलीला दुसरे बाळ झाले. पणतू तेव्हा तीन वर्षांचा व्हायचा होता. मी सवयीने म्हणाले, "त्याला आणा इकडे, आम्ही सांभाळतो." माझी मुलगी म्हणाली, "नको आई. मीच तिकडे जाऊन राहते."

मी तिला विचारले, "तुला लोदचं काही आठवतं का?"

ती म्हणाली, "काहीच आठवत नाही. पण घरात कोणी बॅग भरायला लागलं की अजून माझ्या पोटात गोळा येतो."

त्याचे कारण तेच असेल की दुसरे, हे मी नर्स असूनही सांगू शकत नाही. पण मी तिला त्या दिवशी सगळे सांगितले. पिशवी रात्री भरली ते, न सांगता पाठवले ते, आणि तिच्या गप्प बसण्याला मी शहाणपण समजले तेही. सत्तेचाळीस वर्षे उशीर झाला होता. तिने ऐकून घेतले, मग स्वयंपाकघरात जाऊन माझ्यासाठी चहा ठेवला.

मुलगी पाच रात्री नातवाच्या खोलीत गादी टाकून झोपली. पणतूने पहिला आठवडा रोज विचारले, "सावता, बाळ घरी कधी जाणार?" दुसऱ्या आठवड्यात आईला ओरबाडले. तिसऱ्या आठवड्यात बाटली मागितली. रडला, ओरडला, दारे आपटली. माझी नात काळजीने मला फोन करायची आणि मी म्हणायचे, "रडू दे. तो रडतो आहे तोवर मला चिंता नाही." दोन महिन्यांनी मी गेले तेव्हा बाळ रडत होते. तो खेळ सोडून उठला, चोखणी शोधून आणली आणि तोंडात द्यायच्या आधी मला म्हणाला, "हात धुतलेस का?"

वाचकहो, पुढच्या वेळी ज्या घरी बाळ बघायला जाल, तिथे दाराआडून एक दुसरे मूल तुमच्याकडे पाहत असेल. आधी त्याच्याकडे जा.

तुम्हां सर्वांच्या घरी पाळणे हलत राहोत. सर्वांना आरोग्य लाभो.

शालोम.